आकाशातला भोंगा आणि जिनिंगमधली घड्याळे

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या, की यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, मी संगणकांची देखभाल करतो, तिच्या फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत रांग जाते. काही हंगामांपूर्वी अशाच एका दुपारी ठीक बारा वाजता खरेदीचा दर उतरला आणि थोड्या वेळाने एका शेतकऱ्याने वजनकाट्याच्या खोलीत येऊन सांगितले, की दर उतरण्याआधीच त्याची गाडी काट्यावर चढली होती. पावतीवर १२ वाजून ९ मिनिटे छापलेली होती. कॅमेऱ्याच्या चित्रात तीच गाडी काट्यावर चढताना दिसत होती आणि चित्राच्या कोपऱ्यातले घड्याळ ११ वाजून ५८ मिनिटे दाखवत होते. हिशेबाच्या संगणकाने त्याच वजनाची नोंद १२ वाजून ४ मिनिटांनी घेतली होती. मालक समजूतदार निघाले आणि शेतकऱ्याला आधीचा दर मिळाला. मात्र तीन यंत्रांपैकी खरे कोणते, हे त्या दिवशी कोणालाही छातीठोकपणे सांगता आले नाही आणि संगणकांची जबाबदारी माझी असल्यामुळे ती गोष्ट मला लागून राहिली.

त्यावरचा उपाय आज जिनिंगच्या छपरावर आहे. तळहाताएवढी एक अँटेना, तिच्यापासून खाली उतरलेली केबल, खाली एक छोटा रिसीव्हर आणि त्याला जोडलेला पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. वाट दाखवण्यासाठी मोबाइलमध्ये असते तेच हे जीपीएसचे तंत्र. पण इथे ते वाट दाखवत नाही, वेळ सांगते. ते वेळ कसे सांगते आणि ती वेळ बाकीच्या यंत्रांपर्यंत कशी पोहोचते, हे नीट समजून घेतल्याशिवाय ते बसवले तर घड्याळे जुळल्यासारखी दिसतात आणि जुळलेली नसतात, हे मी अनुभवाने सांगतो.

आधी घड्याळे का बिघडतात, ते पाहू. संगणक बंद असताना बटणाएवढ्या सेलवर जे घड्याळ चालू राहते, त्याच्या पोटात क्वार्ट्झ स्फटिकाचा एक नखाहून लहान चिमटा असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. कंप मोजायचे आणि ३२,७६८ झाले की एक सेकंद पुढे सरकायचे, एवढेच त्या घड्याळाचे काम. साध्या स्फटिकात दहा लाखांमागे वीसेक कंपांचा फरक कारखान्यातूनच आलेला असतो आणि एवढासा फरकही दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास जातो. त्यावर आपल्याकडचा उन्हाळा. हा चिमटा २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत वेगाने कंप पावतो. तापमान त्यापासून जितके दूर जाईल तितका तो मंदावतो आणि हा मंदपणा फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या बंद डब्यात ५५ अंश झाले, तर केवळ उष्णतेमुळे घड्याळ दिवसाला अडीच सेकंदांहून अधिक मागे पडते. गंमत अशी, की डिसेंबरच्या थंडीतही ते मागेच पडते, पुढे जात नाही. आमच्या काट्याच्या संगणकाचा तर तो बटणाएवढा सेलच संपलेला होता, त्यामुळे लाईन गेली आणि परत आली की त्याचे घड्याळ भलतीच तारीख घेऊन उठत असे आणि काट्यावरचा मुलगा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून हाताने वेळ भरत असे. अकरा मिनिटांचा फरक असाच साठत गेला होता.

पहिला विचार अर्थातच इंटरनेटवरून वेळ घेण्याचा झाला. त्यासाठी एनटीपी नावाची पद्धत अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी विकसित केली, तिचा पहिला अधिकृत मसुदा १९८५ सालचा आहे आणि आज जगातल्या बहुतेक संगणकांची घड्याळे तिच्यावरच चालतात. तिच्यातली युक्ती अशी समजावी. शेजारच्या गावात खात्रीचे घड्याळ आहे आणि आपण एका मुलाला वेळ विचारायला पाठवले. तो निघाला तेव्हा आपल्या घड्याळात ८ वाजले होते. तो तिथे पोहोचताच त्याने पाहिले तर तिथे ८ वाजून २५ मिनिटे झाली होती. तो उलट पावली परतला तेव्हा आपल्याकडे ८ वाजून ३० मिनिटे झाली होती. जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असे धरले, तर तो आपल्या सव्वाआठला तिथे होता, म्हणजे आपले घड्याळ दहा मिनिटे मागे आहे. हिशेब सुरेख आहे, पण तो ‘सारखाच वेळ’ या शब्दांवर उभा आहे. जाताना चढ असेल आणि मुलाला जायला वीस व यायला दहा मिनिटे लागली असतील, तर आपला निष्कर्ष पाच मिनिटांनी चुकतो आणि तो चुकला हे कळायला आपल्याकडे कोणताही मार्ग नसतो.

खेड्यातल्या इंटरनेटला हा चढ कायमचा लागलेला आहे. मोबाइलच्या जोडणीवर माहिती वर चढवण्याचा आणि खाली उतरवण्याचा वेग वेगळा असतो, संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की तो आणखी बदलतो आणि चूक काही मिलिसेकंदांपासून (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) शंभराच्या आसपास जाते. काट्याच्या पावतीला तेवढी चूक चालली असती, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. आमची खरी अडचण वेगळी होती. रस्ता रुंदीकरणाच्या खोदकामात केबल तुटली की आठ-आठ दिवस इंटरनेट नसे, आणि घड्याळे पुन्हा आपापल्या वाटेने निघत. ज्या गोष्टीला तारेची गरज नाही अशी वेळ आम्हाला हवी होती.

आता आकाशाकडे वळू. विदर्भातल्या गिरणगावांत वाढलेल्या जुन्या माणसांना भोंगा वेगळा सांगावा लागत नाही. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, पुढे हिंगणघाट आणि पुलगावलाही गिरण्या आल्या आणि अशा गावांत भोंगा झाला की लोक घड्याळाचा काटा लावून घेत. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणून गिरणीपासून साडेतीन किलोमीटरवर राहणाऱ्याचे घड्याळ दहा सेकंद मागे लागत असे; मात्र हे अंतर ज्याला ठाऊक आहे, तो दहा सेकंद मिळवून बरोबर वेळ लावू शकतो. जीपीएस हा असाच भोंगा आहे. फरक इतकाच, की गिरणी सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहे, ती स्वतः धावते आहे आणि एक नसून तीसेक गिरण्या आहेत.

प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळे असतात आणि तो ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आता इतके वाजले आहेत’ एवढेच सतत सांगत असतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरीही डोक्यावरच्या उपग्रहाकडून यायला सुमारे ६७ मिलिसेकंद आणि क्षितिजावरच्या उपग्रहाकडून सुमारे ८६ मिलिसेकंद लागतात. रिसीव्हरला चार गोष्टी ठाऊक नसतात: आपण उत्तर-दक्षिण कुठे, पूर्व-पश्चिम कुठे, किती उंचीवर, आणि आपले स्वस्त घड्याळ कितीने चुकले आहे. चार अज्ञातांसाठी चार समीकरणे लागतात, म्हणून चार उपग्रह लागतात. आपण नकाशावर जो निळा ठिपका पाहतो तो या गणिताचा अर्धा निकाल असतो. घड्याळाची चूक हा दुसरा अर्धा निकाल मोबाइल आपल्याला सहसा दाखवत नाही. म्हणजे जागा सांगणारे प्रत्येक उपकरण मुळात घड्याळ जुळवणारे उपकरण आहे, आणि प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जात असल्यामुळे, घड्याळ तितके काटेकोर जुळले नाही तर जागाही सांगता येणार नाही.

हा काटेकोरपणा किती खोलवर जातो याचे एक उदाहरण मला फार आवडते. वेगाने धावणारे घड्याळ मंद चालते आणि गुरुत्वाकर्षण कमी असते तिथले घड्याळ जलद चालते, हे आइन्स्टाइन यांचे म्हणणे पुस्तकात वाचताना हवेतले वाटते. उपग्रहावरचे घड्याळ वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते आणि उंचीमुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते, एकूण ३८ मायक्रोसेकंद पुढे. हा फरक दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात अंतराच्या हिशेबात अकरा किलोमीटरची चूक शिरेल. म्हणून ही घड्याळे जमिनीवर असतानाच तेवढी मंद लावून वर पाठवली जातात.

आता रिसीव्हरच्या पोटात खात्रीची वेळ आली. ती बाहेर कशी काढायची, हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त चुकणारा भाग आहे. रिसीव्हर दोन प्रकारे बोलतो. एक म्हणजे तो दर सेकंदाला तारेवरून अक्षरांची एक ओळ पाठवतो. तिच्यात तारीख, तास, मिनिट, सेकंद, अक्षांश, रेखांश असे सगळे लिहिलेले असते. ही ओळ वाचायला सोपी असते आणि नवशिका तिच्यावरच विसंबून घड्याळ लावतो. पण सत्तरेक अक्षरांची ही ओळ नेहमीच्या वेगाने तारेवरून यायलाच सत्तरेक मिलिसेकंद लागतात. शिवाय तिच्याआधी कधी उपग्रहांची यादी जाते, कधी जात नाही, त्यामुळे ती आज सेकंद उलटल्यावर १०० मिलिसेकंदांनी येते आणि उद्या ४०० नी. रेडिओवर निवेदक ‘सकाळचे सात वाजून पाच मिनिटे झाली आहेत’ असे म्हणतो, तेव्हा सात-पाच नेमके कोणत्या अक्षराला झाले, ‘सकाळचे’ म्हणताना की ‘आहेत’ म्हणताना, हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

दुसरा प्रकार म्हणजे पल्स. रिसीव्हरच्या एका वेगळ्या पायावर दर सेकंदाच्या आरंभी विजेचा एक ठोका येतो, त्याला पीपीएस म्हणतात. हा ठोका मुका असतो. कितवा सेकंद, कोणते मिनिट, काहीच सांगत नाही. पण तो ज्या क्षणी उठतो, तो क्षण साध्या रिसीव्हरमध्येही खऱ्या सेकंदाशी शंभर नॅनोसेकंदांच्या आत जुळलेला असतो, आणि एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. भोंगा कितीचा झाला ते सांगत नाही, ते घरातले कोणीतरी सांगते. आणि घरातल्याला नेमका क्षण सांगता येत नाही, तो भोंगा सांगतो. संगणकातला कार्यक्रम (प्रोग्रॅम) या दोघांची सांगड घालतो: ओळ वाचून सेकंदाचे नाव घेतो आणि ठोक्यावरून त्या सेकंदाचा आरंभ घेतो. वेळेची सगळी सूक्ष्मता ठोक्यात आहे. ओळीने फक्त अर्ध्या सेकंदाच्या आत खरे बोलावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते.

म्हणूनच बाजारात रिसीव्हर घेताना पीपीएसचा पाय बाहेर काढलेला आहे का, हे आधी पाहावे. यूएसबीला लावायचे, वाहनांसाठीचे स्वस्त रिसीव्हर मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत ठोका आतच राहतो. काहींत तो यूएसबीवरून येतो, पण यूएसबी ही जोडणी ठराविक अंतराने ‘काही आहे का’ असे विचारत फिरणारी असल्यामुळे त्यात एखाद्या मिलिसेकंदाची अनिश्चितता मिसळते. आम्ही ठोक्याची तार थेट आमच्या छोट्या संगणकाच्या, रास्पबेरी पायच्या, एका पिनला जोडली आहे. तिथे काही मायक्रोसेकंदांत काम भागते. म्हणजे वीस हजार किलोमीटरवरून शंभर नॅनोसेकंदांत आलेली वेळ शेवटच्या विताएवढ्या अंतरात संगणकाच्या आळसामुळे पन्नासेक पट ढोबळ होते, हे मला आजही थोडे खटकते.

पहिल्या महिन्यात मी जी चूक केली ती सांगण्यासारखी आहे. ठोका उठतो आणि काही काळाने बसतो. आमच्या रिसीव्हरमध्ये तो १०० मिलिसेकंद उंच राहतो. मी संगणकाला उठण्याऐवजी बसण्याची कड मोजायला सांगितले होते. सगळे आकडे सुंदर दिसत होते, चढउतार मायक्रोसेकंदांतला, आलेख सरळ रेघेसारखा. फक्त आमची संपूर्ण जिनिंग खऱ्या वेळेच्या एक दशांश सेकंद मागे अत्यंत अचूकपणे चालली होती. इंटरनेट सुरू झाल्यावर बाहेरच्या सर्व्हरांशी ताडून पाहिले तेव्हा हे उघड झाले. दुसरी अशीच फसवणूक पूर्ण सेकंदाची असते. ओळ फार उशिरा, अर्ध्या सेकंदाच्याही पुढे आली, तर कार्यक्रम तिला पुढच्या ठोक्याचे नाव समजतो आणि घड्याळ नेमके एक सेकंद चुकते. त्यावर उपाय म्हणजे नको असलेल्या ओळी बंद करणे, तारेचा वेग वाढवणे आणि ओळीला सरासरी किती उशीर होतो ते मोजून कार्यक्रमाला सांगून ठेवणे.

तिसरा घोटाळा अठरा सेकंदांचा. जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८० रोजी जागतिक प्रमाणवेळेशी जुळवून सुरू केली आणि तेव्हापासून ती अखंड चालते. जागतिक प्रमाणवेळेत मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा वेग अनियमित असल्यामुळे अधूनमधून एक अधिक सेकंद घातला जातो, आपल्या अधिक महिन्यासारखा. १९७२ पासून असे २७ सेकंद घातले गेले आणि शेवटचा २०१६ च्या ३१ डिसेंबरला. त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून जीपीएसची वेळ १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रहच सांगतात, पण तो संदेश साडेबारा मिनिटांतून एकदा येतो. रिसीव्हर बराच काळ बंद राहिल्यावर चालू केला, तर तो संदेश येईपर्यंत जुन्या आकड्यावर विसंबून राहू शकतो. म्हणून लाईन आल्यावर पहिली पंधरा मिनिटे मी आमच्या सर्व्हरला, म्हणजे त्या छोट्या संगणकाला, कोणालाही वेळ सांगू देत नाही. अधिक सेकंदाची ही पद्धत २०३५ पर्यंत सोडून देण्याचे २०२२ साली आंतरराष्ट्रीय वजन-मापे परिषदेत ठरले आहे. संगणकवाल्यांना त्याचे दुःख होणार नाही.

आणि एक आठवड्यांचे प्रकरण. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक लिहायला फक्त दहा द्विमान अंकांची (प्रत्येकी ० किंवा १) जागा आहे, त्यामुळे १,०२४ आठवडे झाले की तो पुन्हा शून्यावर येतो. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि मग ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री झाले. यापुढे नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. कोणते आवर्तन चालू आहे हे रिसीव्हरने स्वतः ओळखायचे असते आणि जुन्या रिसीव्हरांना ते जमत नाही. आम्ही आधी एका भंगारातून काढलेला रिसीव्हर लावून पाहिला होता. तो तास, मिनिटे, सेकंद अगदी बरोबर सांगत असे आणि तारीख साडेएकोणीस वर्षांपूर्वीची.

अँटेनाबद्दल थोडक्यात. उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की एका वॉटचे कोटी भाग करावेत आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करावेत, त्यातल्या एकाएवढी त्याची ताकद उरते. तो पत्र्यातून आत येत नाही, म्हणून अँटेना छपराच्या वर, जिथून चारी बाजूंचे आकाश दिसेल तिथे हवी. केबलमधून संदेशाला मीटरमागे चार-पाच नॅनोसेकंद लागतात. तीस मीटर केबलचा दीडशेच्या आसपासचा उशीर सेटिंगमध्ये भरता येतो, जरी काट्याच्या पावतीसाठी तो भरणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे. तालुक्याच्या गावात डिशची केबल सगळीकडे मिळते आणि ती चांगली चालते. वीज पडण्याच्या धोक्यासाठी केबल आत शिरते तिथे सर्ज अरेस्टर आणि चांगले अर्थिंग मात्र टाळू नये. वानरांचा बंदोबस्त कोणत्याही पुस्तकात सापडला नाही. पहिली केबल त्यांनी दोन दिवसांत चावून टाकल्यावर दुसरी लोखंडी पाइपातून नेली. अँटेना हलणार नसल्यामुळे रिसीव्हरला एक दिवसभर स्वतःची जागा मोजू द्यावी आणि मग ती जागा पक्की करून टाकावी. असे केले की चारांपैकी तीन अज्ञात कायमचे सुटतात आणि केवळ वेळेसाठी एक उपग्रह दिसला तरी पुरते. पावसाळ्यात शेजारचे झाड पानांनी भरून अर्धे आकाश झाकले जाते तेव्हा हे उपयोगी पडते.

यापुढे काम पुन्हा एनटीपीचे. अणुघड्याळ आणि त्याला जोडलेला रिसीव्हर यांना शून्य स्तर म्हणतात, त्यावरून वेळ घेणारा आमचा छोटा संगणक पहिला स्तर, त्याला विचारणारे काट्याचे, हिशेबाचे आणि कॅमेऱ्याचे यंत्र दुसरा स्तर. जिनिंगच्या आत जाणे-येणे एकाच तारेने आणि जवळपास सारख्याच वेळात होत असल्यामुळे मघाच्या मुलाला चढ लागत नाही आणि चूक मिलिसेकंदाच्याही खाली राहते. वायफायवर ती काही मिलिसेकंदांपर्यंत जाते. चांगला कार्यक्रम घड्याळाचा काटा नुसता ओढून बसवत नाही. हे घड्याळ दिवसाला किती मागे पडते ते तो काही तास पाहून शिकतो आणि त्याचा वेगच तेवढा वाढवून ठेवतो. याचा खरा फायदा उपग्रह दिसेनासे झाल्यावर कळतो. वेग दहा लाखांत एका भागापर्यंत बरोबर ओळखलेला असेल, तर उपग्रहांशिवाय एक अख्खा दिवस गेला तरी घड्याळ ८६ मिलिसेकंदांहून जास्त भरकटत नाही. स्फटिक छोट्या भट्टीत एकाच तापमानाला ठेवलेले महाग घड्याळ असेल, तर हीच चूक काही मायक्रोसेकंद ते शेकडो मायक्रोसेकंद इतकी खाली येते.

एवढी सूक्ष्मता कोणाला लागते, असे मला काट्यावरच्या मुलाने विचारले होते. त्याला मी जिनिंगमागचा मोबाइलचा टॉवर दाखवला. त्यावरही छत्रीच्या मुठीएवढी अँटेना असते. ५-जीचे बहुतेक टॉवर बोलणे आणि ऐकणे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने करतात. एका टॉवरची पाळी बोलायची असताना शेजारच्याची ऐकायची असेल, तर दुसऱ्याला मोबाइलऐवजी पहिला टॉवरच ऐकू येईल. म्हणून सगळ्या टॉवरांची घड्याळे प्रमाणवेळेपासून दीड मायक्रोसेकंदाच्या आत असावी लागतात. इतक्या कामाला एनटीपी पुरत नाही. तिथे पीटीपी नावाची पद्धत लागते, जिच्यात संदेश निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ संगणकाचा कार्यक्रम नाही, तर नेटवर्कचे कार्ड आणि स्विच स्वतः नोंदवतात.

विजेचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे पूर्ण आवर्तन ३६० अंशांचे धरले, तर त्यातला एक अंश ५५ मायक्रोसेकंदांचा. दूरदूरच्या उपकेंद्रांवर एकाच क्षणी हे अंश मोजून त्यांतला फरक पाहिला, की जाळ्यावर कुठे ताण येतो आहे ते कळते; पण ‘एकाच क्षणी’ हे जीपीएसच्या घड्याळांशिवाय शक्य नाही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची उच्चदाबाची वाहिनी जाते. अशा लांब वाहिनीवर कुठे बिघाड झाला, तर त्या ठिकाणाहून दोन्ही टोकांकडे एक लाट जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावते. ती कोणत्या टोकाला किती आधी पोहोचली यावरून बिघाडाची जागा काढता येते आणि घड्याळांत एका मायक्रोसेकंदाची चूक असेल तर जागा दीडशे मीटरने चुकते. लाईनमनला जंगलातून चार खांब शोधायचे की चाळीस किलोमीटर, हा फरक त्या घड्याळावर ठरतो.

हीच रीत आकाशातल्या विजेसाठीही वापरतात. विदर्भात मे-जूनमध्ये शेतात वीज पडून माणसे आणि गुरे जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप आता अनेक गावांत वापरले जाते. त्यामागे देशभर विखुरलेल्या संवेदकांचे जाळे आहे. वीज कडाडली की तिची रेडिओ लहर प्रत्येक संवेदकापर्यंत वेगवेगळ्या क्षणी पोहोचते आणि त्या क्षणांतल्या फरकावरून वीज कुठे पडली ते काढले जाते. जीपीएस उपग्रहांवरून आपली जागा काढतो, त्याचेच हे उलटे गणित आहे.

उपग्रहांवर डोळे झाकून विश्वास ठेवावा का, तर नाही. २६ जानेवारी २०१६ रोजी एक जुना उपग्रह सेवेतून काढताना जमिनीवरून चुकीची माहिती चढवली गेली आणि काही उपग्रह प्रमाणवेळेशी जुळवण्याचा फरक १३ मायक्रोसेकंदांनी चुकीचा सांगू लागले. जगभर अनेक ठिकाणी यंत्रांनी धोक्याच्या सूचना दिल्या. संदेश इतका क्षीण असल्यामुळे जवळचे साधे उपकरणही तो दाबून टाकू शकते. म्हणून एनटीपीचा कार्यक्रम एकाच साक्षीदारावर निकाल देत नाही. दोन घड्याळे वेगळे सांगू लागली तर कोणते खोटे ते कळत नाही, तीन असली तर एकटे पडलेले ओळखू येते; पंच निदान तीन लागतात ते याचसाठी. आमच्याकडे इंटरनेट असते तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशीही पडताळणी होते; भारतीय प्रमाणवेळ तीच संस्था राखते, आणि कंपन्यांनी आपली घड्याळे तिच्याशी किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी जुळवावीत, असा केंद्र सरकारचा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. आपल्या देशाच्या, जीपीएससारख्याच ‘नाविक’ उपग्रहांचा अनुभवही बोलका आहे. सुरुवातीच्या उपग्रहांतली परदेशातून आणलेली काही रुबिडियम घड्याळे वर जाऊन बंद पडली आणि घड्याळ गेले की उपग्रह फिरत राहूनही जागा सांगण्याच्या कामाचा उरत नाही. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ वर पहिल्यांदा देशात बनवलेले रुबिडियम घड्याळ बसवले गेले.

एक शंका नेहमी येते, की ही वेळ म्हणजे आपल्या गावची खरी वेळ का. तर नाही. भारतीय प्रमाणवेळ पूर्व रेखांश ८२.५ अंशांवरची आहे आणि यवतमाळ ७८ अंशांच्या थोडे पुढे आहे, त्यामुळे सूर्याच्या हिशेबाने आम्ही साडेसतरा मिनिटांच्या आसपास मागे आहोत. घड्याळात बारा वाजतात तेव्हा आमच्या अंगणातली सावली सर्वांत आखूड झालेली नसते. घड्याळांनी एकमेकांशी जुळावे एवढेच नेटवर्क मागते, सूर्याशी त्याचे काही देणेघेणे नसते.

आमच्या जिनिंगमध्ये आता काट्याचा आणि हिशेबाचा संगणक एकमेकांपासून एका मिलिसेकंदाच्या आत असतात. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर जुना आहे. तो दिवसातून एकदाच, पहाटे वेळ विचारतो आणि नंतर दिवसभर आपल्या स्फटिकावर चालतो. मे महिन्यात संध्याकाळपर्यंत तो दीड-दोन सेकंद मागे पडलेला असतो, आणि पावतीशी चित्र ताडून पाहताना तेवढे सेकंद मी हाताने मिळवतो.